कडुनिंबाचा गणपती का फुटला आणि सोंड का मोडली

एका ताईंचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. त्या जुळे सोलापुरात राहतात, शाळेत शिकवतात, वय ४१. मागच्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं दारातला जुना कडुनिंब पडला, त्याचा फूटभर जाडीचा ओंडका त्यांनी ठेवून घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत त्यातल्या अर्ध्यातून गणपती कोरला. आधी सोंडेचं वळलेलं टोक मोडलं, मग फेब्रुवारी संपता संपता कपाळापासून पोटापर्यंत चीर पडली. आता त्या विचारतात की माझ्या हातात ही कला नाहीच का, का मशीन घेऊ, का लाकूडच चुकलं, आणि परत सुरुवात करायची तर कुठून करू.

ताई, तुमचा हात चुकलेला नाही. फोटोत मला पोटाचा गोलावा दिसतोय, कान खांद्यावर कसे टेकलेत ते दिसतंय, पहिल्या कामात एवढं येत नाही सहसा. चुकलंय ते दोन ठिकाणी आणि दोन्ही चुका कोरायला बसायच्या आधीच्या आहेत. एक लाकडातल्या पाण्याची आणि दुसरी रेषेची, म्हणजे लाकडातले तंतू कुठल्या दिशेनं जातात त्याची. या दोन गोष्टी नीट कळल्या की पुढचा रस्ता बराच सोपा होतो म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

आधी चीर. जिवंत झाड म्हणजे पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्यांची जुडी समजा. झाड पडलं की नळीच्या पोकळीतलं मोकळं पाणी पहिलं जातं, त्यात लाकूड आकसत नाही नुसतं हलकं होतं. पण ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की नळीच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आकसायला सुरुवात. आता गंमत अशी की ते सगळीकडून सारखं आकसत नाही. उंचीत जवळजवळ काहीच नाही, मध्यापासून सालीकडं थोडं, आणि वर्षाच्या गोल कड्या असतात ना त्या कड्यांच्या दिशेनं त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे घेर जास्त कमी व्हायला बघतोय आणि मधला भाग तेवढा कमी होत नाही, मग घेर कुठंतरी फाटणारच, दुसरा इलाज नाही त्याला. अख्खा गोल ओंडका मधल्या गरासकट ठेवला की चीर पडणार हे ठरलेलंच असतं, फक्त ती पाठीवर पडती का कपाळावर एवढाच प्रश्न. त्यात तुम्ही मे मध्ये पडलेलं झाड नोव्हेंबरात कोरलं. फळी असली तर एक इंच जाडीला एक वर्ष असा सुतारांचा जुना हिशोब आहे, तुमचा तर फूटभराचा ओंडका, आत ओलागच्च होता तो. वरून कोरल्यावर आतला ओला भाग उघडा पडला आणि फेब्रुवारीत आपली सोलापूरची हवा सुरू झाली. तुम्हाला माहितीय आपल्याकडं मार्च एप्रिलात जाड सोलापुरी चादर दुपारी टाकली तरी संध्याकाळच्या आत खडखडीत होती, तीच हवा त्या गणपतीला लागली.

यावर उपाय फार जुना आणि सोपा आहे. ओंडका हातात आला की त्याच आठवड्यात पाचर मारून उभा दोन भागात फोडायचा आणि मधला तो गर, बोटाएवढा काळपट ठिपका दिसतो बघा, तो काढून टाकायचा. दोन्ही कापलेल्या तोंडांना वितळलेलं मेण नाहीतर जुना ऑईल पेंट जाड फासायचा कारण पाणी आडव्या बाजूपेक्षा तोंडातून कितीतरी पटीनं जास्त वेगानं पळतं. मग सावलीत, जमिनीपासून उचलून, खाली दोन पट्ट्या ठेवून द्यायचा. पत्र्याखाली नको, गच्चीवर तर अजिबात नको. आणि वजन करायचं. किराणा दुकानातल्या काट्यावर दर पंधरा दिवसांनी वजन करून खडूनं त्याच्यावरच लिहून ठेवा, तीन चार वेळा वजन तेच आलं की समजा आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांचं जमलं. मीटर मिळतात ओलावा मोजायचे पण ते वरवरचं सांगतात, काट्यावर माझा जास्त विश्वास आहे.

दुसरा उपाय म्हणजे मूर्ती पाठीमागून पोकळ करायची. हे लबाडी वाटती खूप जणांना, पण जगातल्या मोठ्या मोठ्या कारागिरांनी हेच केलंय. जर्मनीत वुर्झबर्गला रीमेनश्नायडर म्हणून मूर्तिकार होऊन गेला, १५३१ साली वारला, लिंडेन नावाच्या मऊ झाडाच्या लाकडात काम करायचा, त्याच्या भिंतीला लावायच्या मूर्ती पाठीमागून डोणीसारख्या कोरून काढलेल्या आहेत. जपानात तर जोचो नावाच्या कारागिरानं १०५३ साली उजी गावच्या ब्योदोइन मंदिरात बुद्धाची भलीमोठी बैठी मूर्ती केली ती एका ओंडक्याची नाहीच, आतून पोकळ केलेले अनेक तुकडे जोडून केलेली आहे, आणि ती अजून तिथं बसलेली आहे. पोकळ केलं की भिंत सगळीकडं सारख्या जाडीची होती, आतून बाहेरून सारखी वाळती आणि ताण साचत नाही. तुमच्या गणपतीच्या पाठीतून जर मुठीएवढं लाकूड काढलं असतं तर बहुतेक ही चीर पडलीच नसती.

आता सोंड. हे जास्त महत्त्वाचं आहे कारण पाण्याचं एकदा समजलं की समजलं पण रेषेचा विचार प्रत्येक मूर्तीला नव्यानं करावा लागतो. लाकूड उभं म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेनं मजबूत असतं, आडवं कमजोर. जळण फोडताना कुऱ्हाड कशी उभी सहज जाती तसंच. तुमची सोंड कपाळापासून पोटापर्यंत खाली येती तोपर्यंत रेषेबरोबर आहे, तिथं ती मोडायची नाही. पण पोटावर येऊन ती डावीकडं वळली की त्या वळणात रेषा आडवी झाली, म्हणजे बोटभर लांब तुकडा आणि त्याच्यातले तंतू जेमतेम अर्ध्या इंचाचे. खारी कशी मोडती तसा तो मोडतो. तुम्ही पटाशी जोरात मारली म्हणून नाही मोडला, हाताला अडकला तरी मोडला असता.

माझे वडील हातमागाचं सुतारकाम करायचे, पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या विणकरांच्या वस्तीत. मागाची तुरई, पावड्या, फणीची चौकट आणि धोटे. लहानपणी मी धोट्यांच्या ढिगाऱ्यात वाढलो असं म्हटलं तरी चालेल. धोटा म्हणजे दिवसभर ताण्यातून इकडून तिकडं पळणारी गोष्ट, त्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ नसली तर चार दिवसात चिरफाळतो. वडील लाकूड निवडताना आधी एक ढलपी फोडून बघायचे, ती सरळ निघाली तर ठेवायचे, वळत गेली तर चुलीला. मला ते तेव्हा अति वाटायचं. पुढं मी स्वतःची पहिली मोठी मूर्ती करायला घेतली, सागवानी विठ्ठल, दीड फुटाचा, तेव्हा कळलं. कमरेवर हात आहेत, कोपरं बाहेर आलेली आहेत, आणि हात आणि कंबर यांच्यामधली ती तिकोनी पोकळी मला आरपार दाखवायची होती, उत्साहात ती पहिल्याच आठवड्यात उघडली. मग सगळं काम त्या नाजूक कोपरांवर दणके देत झालं आणि चेहरा निम्मा झाला असताना डावं कोपर सुटून खाली पडलं. रात्रभर झोप आली नाही मला. चूक कोपर कोरण्यात नव्हती, क्रमात होती. आरपार जागा सगळ्यात शेवटी उघडायची, तोपर्यंत तिथलं लाकूड आधारासारखं राहू द्यायचं.

म्हणून मी नवीन माणसाला सांगतो पहिली मूर्ती गणपतीची करू नका. मनाला पटत नाही मला माहितीय, पहिला मान त्याचा. पण पूजा त्याची करा आणि कोरायला नंदी घ्या. बसलेला नंदी ही फार समजूतदार आकृती आहे, पाय पोटाखाली घेतलेले, शेपूट अंगाला चिकटलेली, शिंगं आखूड ठेवली तर बाहेर आलेलं काहीच नाही. आपल्याकडं कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, मातीचे बैल आणतात ते नीट बघा, कुंभारानं दोन चिमटीत बैल उभा केलेला असतो, मान कुठं, वशिंड कुठं, एवढंच सांगितलेलं असतं आणि तरी तो बैलच दिसतो. मूर्तीचं निम्मं शिक्षण तिथं आहे. नंदी दोन तीन झाले की विठ्ठल घ्या, समोरून सरळ, दोन्ही बाजू सारख्या, ठोकळ्यातून बाहेर काही जात नाही (ती पोकळी बंद ठेवा पहिल्यांदा, नुसती खोलगट दाखवली तरी चालती). मग गणपती. आणि गणपती करताना सोंड पोटाला टेकलेली ठेवा, सुटी काढू नका, किंवा वळणाचा तुकडा रेषा फिरवून वेगळा कोरून जोडा. जोड देणं कमीपणाचं नाही. आंध्रातल्या कोंडापल्लीची खेळणी आपल्या पूर्व भागातल्या किती घरात आहेत, त्या बाहुल्यांचे हातपाय वेगळे कोरून चिंचोक्याची पूड आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानं जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

लाकडाबद्दल. कडुनिंब वाईट नाही, उलट मानाचं लाकूड आहे ते. पुरीच्या जगन्नाथाची मूर्ती कडुनिंबाचीच असती, ठराविक वर्षांनी अधिक आषाढ आला की नवीन कडुनिंब शोधून नवीन मूर्ती घडवतात, १९९६ ला झालं होतं, नंतर २०१५ ला. किडा कमी लागतो त्याला. पण त्याची रेषा उलटसुलट असती, एका पट्टीत पटाशी गुळगुळीत जाती आणि शेजारच्या पट्टीत तीच पटाशी त्याच दिशेनं तुकडे उचकटती. नवीन माणसाला हे कळत नाही आणि तो स्वतःला दोष देत बसतो. त्याचा भुसा ओठावर बसला की चहा कडू लागतो दिवसभर, ही सवय करून घ्यावी लागती.

शिकायला सगळ्यात चांगलं लाकूड माझ्या मते शिवण. हलकं, फिकट पिवळसर, वाळताना फार वाकडंतिकडं होत नाही आणि पटाशीला हो म्हणतं. वखारीत विचारा, कधी असतं कधी नसतं. हळदूही छान, बारीक पोताचं, चेहऱ्याला उत्तम पण जरा घट्ट. सावंतवाडीची खेळणी करणारे पांगारा वापरायचे, तो फारच मऊ, बारीक काम धरत नाही. आंबा स्वस्त मिळतो पण किडा लगेच लागतो. बाभळ कोरायला घेऊ नका, तिची मोगरी करा पटाशीवर मारायला, बाभळीची मोगरी आयुष्यभर जाती. चंदनाच्या वाटेला परवानग्यांशिवाय जायचं नाही. आणि कोकणातून किंवा केरळातून लाकूड आणलं तर आल्या आल्या हात लावू नका, तिथल्या दमट हवेतलं वाळलेलं लाकूड आपल्या हवेत परत आकसतं, दोन तीन महिने घरात पडू द्या.

सागवान हवं असलं तर नवीन विकत घेण्याआधी जुन्या घरांकडं बघा. आपल्या जिल्ह्यात माळवदाची घरं पडतायत, पाडतायत, त्यांच्या तुळया आणि खांब भंगारात किंवा जळणाच्या भावात जातात. पन्नास साठ वर्षं सावलीत वाळलेलं लाकूड आहे ते, पैसे देऊनही तसं वाळलेलं मिळत नाही. फक्त कोरायच्या आधी चुंबक फिरवा, आत खिळे असतात, आणि तारेच्या ब्रशनं माती चुना घासून काढा नाहीतर पहिल्याच फटक्यात धार गेली. तसंही सागवानात मुळातच वाळूसारखा बारीक अंश असतो, सिलिका, त्यामुळं धार लवकर जाती, दर पंधरा वीस मिनिटांनी चामड्यावर ओढावी लागती. टिकतं किती म्हणाल तर कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्याच्या छताला लाकडी कमानी आहेत, त्या मूळच्याच आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. पाऊस लागत नाही, माती लागत नाही, एवढंच कारण. घरातल्या मूर्तीला याच्याहून जास्त काही लागत नाही.

हत्यारांचं लवकर सांगतो कारण लोक यातच पैसे घालवतात. बारा पटाश्यांचा चकचकीत सेट ऑनलाईन घेऊ नका, त्यातल्या निम्म्यांचं पोलाद धार धरत नाही. पाच पुरेत. अर्धा इंची सपाट पटाशी, एक जवळजवळ सपाट पण किंचित गोलावा असलेली, एक मध्यम गोल, एक अर्ध्या इंचाहून लहान खोल गोल, आणि एक व्ही आकाराची. चांगल्या हत्यारांवर गोलाव्याचा नंबर असतो, ३ म्हणजे किंचित गोल आणि ९ म्हणजे अर्धवर्तुळ, ५ आणि ७ मधले. ३, ७, ९ असे घेतले तर खूप काम निघतं. शिवाय एक छोटा चाकू. माझ्या दोन आवडत्या पटाश्या ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहाराकडून करून घेतलेल्या आहेत, पाणी देऊन झाल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम गार केल्यावर, परत हळू तापवून वाळक्या गवताचा पिवळा रंग आला की थांबवायचं, हे त्याला समोर उभं राहून सांगितलं होतं. निळ्यावर गेलं की मऊ पडतं.

धारेवर मात्र वेळ घालवा, जितका कोरण्यावर घालवता तितका. मऊ लाकडाला धारेचा उतार साधारण २० अंश, सागवानासारख्या घट्ट लाकडाला २५ ते ३०. आधी हजार नंबरचा दगड, मग चार हजार, मग लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर ती हिरवी पॉलिशची वडी घासून. धार झाली का नाही हे अंगठ्यावर बघू नका. एखाद्या मऊ लाकडाच्या तुकड्यावर रेषेला आडवं कापून बघा. कापलेली जागा काचेसारखी चमकली तर झाली, पांढरी रेघ राहिली तर त्या ठिकाणी धारेला खाच आहे. बोथट हत्यारानंच हात कापतात, कारण आपण जोर लावतो आणि ते निसटतं. काम क्लॅम्पनं घट्ट धरा आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागं. मांडीवर धरून कोरू नका ताई, तुमच्या एका फोटोत मूर्ती मांडीवर दिसती म्हणून मुद्दाम सांगतोय.

मशीनचं विचारलंय. चेन लावलेला ग्राइंडर तर घेऊच नका, तो उलटा फिरून अंगावर येतो, माझ्या ओळखीतल्या जुन्या कारागिराच्या तळहातावर त्याची खूण आहे. छोटं फिरतं मशीन, ते दातांच्या डॉक्टरसारखं, ते नंतर कधीतरी कोपऱ्यातल्या जागेसाठी ठीक आहे. कॉम्प्युटरवर चालणारं राऊटर मशीन देवघराच्या जाळ्या आणि दरवाजाच्या वेलबुट्टी छान काढतं, त्या लोकांचं पोट आहे त्यावर आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. पण साधं मशीन वरून खाली बघतं, आतल्या बाजूला वळलेली जागा त्याला पोचत नाही म्हणून त्या मूर्ती भिंतीला चिकटल्यासारख्या दिसतात. आणि तुम्हाला शिकायचंय. मशीनला रेषा कळत नाही, ते सगळ्या दिशेनं सारखंच खातं, मग तुम्हालाही कधी कळणार नाही. शिवाय मशीननं भुसा पिठासारखा बारीक उडतो. लाकडाची धूळ कॅन्सर करणारी आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेनं १९९५ सालीच जाहीर केलंय, त्यामुळं पॉलिश पेपर मारताना सुद्धा चांगला मास्क लावा, रुमाल नाही. हातानं कोरलं तर ढलप्या पडतात, त्या श्वासात जात नाहीत.

आता प्रत्यक्ष कोरायला कसं बसायचं. आधी माती घ्या आणि त्याच मापाचा नंदी मातीत करा, एक संध्याकाळ जाती पण लाकडात जे आठ दिवस चाचपडणार ते मातीत तासाभरात कळतं, मातीला परत चिकटवता येतं लाकडाला येत नाही. मग ठोकळ्याच्या समोर आणि बाजूला आकृती काढा आणि चारही बाजूंनी मध्यरेषा काढा. ही मध्यरेषा कोरली गेली की लगेच परत काढायची, प्रत्येक वेळी, शेवटपर्यंत. ती हरवली की मूर्तीचं तोंड एका बाजूला सरकतं आणि आपल्याला महिनाभर कळत नाही काय बिघडलंय.

त्यानंतर मोठे उतार. फक्त मोठे उतार. डोक्याचा, मानेचा, वशिंडाचा, पुठ्ठ्याचा, जणू नंदीला गोधडीखाली झाकलाय. डोळा, नाकपुडी, घंटांची माळ याच्याकडं बघायचंसुद्धा नाही. नवीन माणूस दुसऱ्या दिवशीच डोळा कोरतो आणि मग डोकं बारीक करायची वेळ आली की त्या डोळ्यावर जीव जडलेला असतो, काढवत नाही. मी माझ्याकडं येणाऱ्या पोरांना सांगतो की दहा फुटावरून नंदी ओळखू येत नाही तोपर्यंत बारीक पटाशी डब्यात. माणसाचा चेहरा करताना पण तेच, चेहरा नाण्यासारखा सपाट नसतो, नाकापासून कानाकडं दोन्ही बाजू मागं पळत जातात, आधी ते दोन उतार करा, मग डोळ्याच्या जागी नुसता गोळा, मग पापण्या अगदी शेवटी.

आणि उजेड बदला. वरच्या ट्यूबलाईटमध्ये सावल्या मरतात, सगळं बरोबर वाटतं. खोलीतले दिवे बंद करून एकच दिवा एका बाजूनं खाली ठेवा, खड्डे आणि उंचवटे ओरडून सांगतात कुठं काय राहिलंय. मी रोज काम थांबवायच्या आधी पाच मिनिटं असं बघतो आणि उद्या काय काढायचं ते खडूनं मूर्तीवरच खुणा करून ठेवतो. रात्री मूर्ती तिच्याच ढलप्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायची, विशेषतः उन्हाळ्यात, म्हणजे कोरल्यामुळं उघडी पडलेली जागा एकदम वाळत नाही. पिशवीत बुरशी धरतीय वाटलं तर दिवसाआड उलटी करून घ्या.

हे सगळं वाचून ताई तुम्हाला वाटेल नियमच नियम आहेत, मजा कुठं आहे. मजा कानात आहे खरं सांगू का. धार बरोबर आणि दिशा बरोबर असली की पटाशी एक आवाज करती, कोबी चिरल्यासारखा, करकरीत आणि ओला, आणि ढलपी वळून हातावर पडती. दिशा चुकली की आवाज फाटका येतो, लाकूड फुटायच्या अर्धा क्षण आधी, आणि हात आपोआप थांबतो. हे कान तयार व्हायला मला तीनेक वर्षं लागली असतील पण एकदा झाले की उन्हाळ्यातली दुपार, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, कूलर चालू, सागवानाचा तो चामड्यासारखा वास, आणि तो आवाज, दोन तास कसे गेले कळत नाही. मग एक क्षण येतो, सांगून येत नाही, गालाचा एक पापुद्रा निघतो आणि जे लाकूड होतं ते बघायला लागतं आपल्याकडं. माझा दुसरा विठ्ठल झाला तेव्हा डाव्या गालाखालचा एक पातळ काप काढला आणि तो हसला. मी पटाशी खाली ठेवून बायकोला हाक मारली, ती पीठ लागलेल्या हातानं तशीच आली आणि काही न बोलता उभी राहिली. तेवढ्यासाठी सगळं आहे.

शेवटचा हात फिरवायचं थोडं. पॉलिश पेपर एकदा मारला की परत पटाशी लावायची नाही, पेपरचे कण लाकडात रुततात आणि धार खातात. मी तर शक्यतो पेपर मारतच नाही, पटाशीचे कापलेले पैलू तसेच ठेवतो, उजेड त्यावर खेळतो. गुळगुळीतच हवं असलं तर फुटक्या काचेच्या कडेनं खरवडा. वडील धोटा झाला की त्यावरून सुती धागा फिरवायचे, कुठं अडकला की परत खरवडायचे, मी आजही मूर्तीवरून धागा फिरवतो, डोळ्याला न दिसलेलं कुसळ धाग्याला सापडतं. तेल लावायचं तर जवसाचं, पातळ, तीन चार हात, प्रत्येक हातानंतर पुसून घ्या आणि दोन तीन दिवस वाळू द्या. करडईचं तेल पिवळं कमी पडतं म्हणून फिकट शिवणीला बरं, पण वाळायला फार वेळ घेतं. एक काळजी घ्याच, जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आतून तापतं आणि स्वतःहून पेट घेऊ शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच धोका. उघडं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका.

राहिला तुमचा गणपती. टाकू नका आणि विसर्जनही करू नका. चीर आत्ता भरू नका कारण उन्हाळ्यात ती सगळ्यात रुंद असती, आत्ता घट्ट भरली तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर दुसरीकडं फुटेल. पाठीमागून आजच पोकळ करायला घ्या, हळूहळू, भिंत दीड इंचाची राहील एवढं. मग वर्षभर कपाटात राहू द्या, वजन स्थिर झालं की त्याच कडुनिंबाची पातळ पाचर चिरीत बसवा, रेषा उभीच, आणि फेविकॉल पाचरीच्या एकाच बाजूला लावा म्हणजे दुसरी बाजू हलायला मोकळी राहती. सोंडेचं टोक जपून ठेवलं असेल तर मोडलेल्या जागा तशाच बसतात का बघा, बसत असतील तर घासू नका, मधून बांबूची काडीएवढी खुंटी घालून चिकटवा.

ओंडक्याचा राहिलेला अर्धा भाग अजून आहे म्हणालात, तो या रविवारी फोडा, गर काढा, तोंडांना मेण लावा आणि आजचं वजन तारखेसह त्याच्यावर लिहा. गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या सुमाराला वजन किती आलं ते कळवा, तोपर्यंत मातीत नंदी करत रहा, मग ठोकळ्यावर मध्यरेषा कशी टाकायची ते मापासकट लिहून देतो.